हळदीकुंकवाला आमसुली लावू की साधा गुलाबी?

पत्र

ताई, मी इंदूरची, 29 वर्षांची ट्रान्स स्त्री. एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते. वर्ष-सव्वा वर्षापासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन्स सुरू आहेत. घरी आई आणि मी, दादा-वहिनी जवळच राहतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण वहिनीने मला वेगळं दिलं. "वन्सं, साडी नेसूनच या," म्हणाली. काळी माहेश्वरी घेऊन ठेवली आहे. अडचण हातांची आहे. वाण घ्यायला हात पुढे करावे लागणार, आणि माझे हात मोठे, नखं रुंद. कॉलेजपासून पायाच्या नखांना नेलपेंट लावते, वर मोजे घालते. हाताला लावायचा धीर कधी झाला नाही. हल्ली पायाच्या नखांवर पांढरे खरखरीत डाग आलेत आणि हाताची नखं टोकाला सोलल्यासारखी निघतात. मैत्रीण म्हणते जेल एक्स्टेन्शन कर आणि बायोटिनच्या गोळ्या घे. आई म्हणते साधा गुलाबी लाव, उगाच कुणाच्या डोळ्यावर येऊ नकोस. हात लहान दिसतील असा रंग कोणता? आपल्यासारख्या बाकीच्या जणींना कोणते रंग आवडतात? आमसुली फार गडद होईल का? आणि ऑफिसात लावून गेलं तर चालेल का?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

सरळ उत्तर आधी देते. गडद होईल म्हणून आमसुली टाळू नकोस. काळ्या माहेश्वरीवर आमसुली छान दिसतो, आणि आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या हातावर तर गुलाबीपेक्षा जास्त खुलतो. फिका दुधाळ गुलाबी सावळ्या हातावर खडूसारखा वेगळा उठून दिसतो. आईला वाटतंय की त्याने नजर चुकेल, पण बऱ्याचदा उलटंच होतं. गुलाबीच हवा असेल तर त्यात थोडी माती मिसळल्यासारखा, जुन्या गुलाबाच्या पाकळीचा रंग बघ. बाटली दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नकोस. दाराशी येऊन हाताच्या मागच्या बाजूला धरून उजेडात बघ. राजवाड्याच्या बाजारातल्या दुकानदारांना बायकांच्या या सवयीची सवय आहे, त्यात कुणाला नवल वाटत नाही.

आता रुंद नखांचं. नखाच्या दोन्ही कडांना केसभर जागा मोकळी सोडायची. ब्रशचा पहिला हात मधोमध, मग दोन्ही बाजूंना एकेक, आणि कडेला ब्रश टेकवायचाच नाही. हाताभर अंतरावरून ती मोकळी रेघ कुणाला दिसत नाही, नख मात्र सडपातळ दिसतं. गडद, सपाट रंगात हे जास्त चांगलं जमतं. चमकी असलेला, मोत्यासारखा झळाळणारा रंग नखावरच्या उभ्या रेषा आणि रुंदी दोन्ही उठवून दाखवतो, म्हणून तो सध्या बाजूला ठेव. बोटं लांब दिसायला हवी असतील तर अगदी आपल्या कातडीच्या जवळचा बदामी किंवा तपकिरी रंग उत्तम, कारण बोट कुठे संपलं आणि नख कुठे सुरू झालं हे नजरेला चटकन कळत नाही.

आकार मात्र जपून निवड. चौकोनी कापलं तर रुंद नख आणखी रुंद दिसतं. टोकदार बदामी आकार दिसायला सुरेख, पण तुझी नखं सोलली जात आहेत, तो टिकणार नाही. बोटाच्या टोकापेक्षा जेमतेम पुढे येणारा लंबगोल ठेव. नेलकटरने कडा खाऊ नकोस. काचेची किंवा बारीक दाण्याची फाइल घे आणि एकाच दिशेने, कडेकडून मधे ओढ. करवतीसारखी मागेपुढे चालवली की थर आणखी सुटतात.

इतकं सगळं सांगितलं खरं, पण तुझं पत्र परत परत वाचताना एक गोष्ट मला सलत राहिली. त्यात आईचा रंग आहे, मैत्रिणीचा सल्ला आहे, वहिनीकडे येणाऱ्या बायकांची नजर आहे. आमसुलीसुद्धा तू "फार गडद होईल का" एवढंच विचारून सोडलास. तुला काय आवडतं ते एका ओळीतही नाही. मोज्यांच्या आत इतकी वर्षं कोणता रंग होता, तेही तू लिहिलं नाहीस. तिथे तर कुणी बघणारं नव्हतं. तो रंग तू स्वतःसाठी निवडलास, म्हणून मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो डाळिंबी असो, राणी असो, मोरपंखी असो, हाताला तोच लाव. तो आमसुली नसेल तर माझा आमसुली राहू दे.

आणि हे मी उगाच धीर द्यायला सांगत नाही. चेहरा बघायला आरसा लागतो. आवाज, खांदे, चाल दुसऱ्याला आधी कळतात, आपल्याला नंतर. हात तेवढे दिवसभर आपल्याच डोळ्यांसमोर असतात. हिशेब लिहिताना, चहाचा कप धरताना, बसमध्ये दांडी धरताना दिसतात ते हातच. माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या कितीतरी ट्रान्स मैत्रिणी कपाळाच्या टिकलीपेक्षा नखांबद्दल जास्त वेळ बोलतात, त्याचं कारण मला हेच वाटतं. हार्मोन्सने कातडी मऊ होते, हातावरचे केस विरळ होतात, पण वाढ पूर्ण झाल्यावर पंजाची हाडं बदलत नाहीत. तुझ्या हाताचं माप हेच राहणार आहे. वाण घ्यायला आलेल्या बायकांत भाकरी थापून, धुणी धुऊन मोठे झालेले हातही असतील, आणि त्यांतल्या कुणी ते पदराखाली लपवणार नाही.

इतर जणींना काय आवडतं ते विचारलंस. मी ओळखते त्या मैत्रिणींपुरतं सांगते. ज्यांनी नुकतंच उघडपणे जगायला सुरुवात केली त्या बहुतेक आधी पारदर्शक लावतात, मग अबोली किंवा फिका गुलाबी, आणि मग एके दिवशी येऊन थेट लाल मागतात. भडक, कुंकवासारखा लाल. मुलगा म्हणून वाढताना सगळ्यात जास्त ज्याच्यापासून लांब ठेवलं गेलं तो हाच रंग, म्हणून त्याची ओढही मोठी. काळा रंग बऱ्याच जणींचा कॉलेजातला जुना सोबती असतो, कारण तो लावला तर "हल्ली बँडवाली मुलंही लावतात" म्हणून निभावून जाता यायचं. काही जणींना नंतर तो नकोसा होतो. काही मात्र त्याच्यावर जीव लावून राहतात, आणि काळ्या साडीवर काळी नखं फार देखणी दिसतात हेही खरं. वयाने मोठ्या, डेऱ्यात म्हणजे किन्नर समाजाच्या सामूहिक घरात राहिलेल्या मैत्रिणींना बाटलीतल्या रंगापेक्षा मेंदीने रंगलेली नखं प्यारी. नखावरची मेंदी धुतली जात नाही, नख वाढेल तशी पुढे सरकत जाते. फक्त झटपट काळी होणारी मेंदी घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा पीपीडी हे केस रंगवायचं रसायन असतं, त्याने कातडीला फोड येऊ शकतात. तरुण मुली प्राइडच्या दिवसांत फिका निळा, गुलाबी, पांढरा असे तीन रंग बोटांवर वाटून लावतात. 1999 साली अमेरिकेतल्या मोनिका हेल्म्स यांनी ट्रान्स समाजासाठी जो झेंडा तयार केला, त्याचे हे रंग. स्वतःचं सांगायचं तर मला विटकरी आवडतो. त्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळची ऊब आहे.

आता नखांच्या तब्येतीकडे येते, कारण तुझी नखं मदत मागत आहेत आणि रंगाच्या दोन थरांखाली ते झाकून चालणार नाही.

नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे एकावर एक बसलेले थर. ते पाणी पितात, फुगतात, मग वाळून आक्रसतात. दिवसातून अनेकदा असं झालं की टोकाला थर सुटतात. त्यात साबण, त्यात ॲसिटोनचा रिमूव्हर. हार्मोन्स सुरू केल्यावर नखं पातळ झाल्यासारखी वाटतात असं बऱ्याच जणी सांगतात. टेस्टोस्टेरॉन खाली आलं की कातडीचा तेलकटपणा कमी होतो, हात कोरडे पडतात, हे तर तुलाही जाणवलं असेल. म्हणजे आता तुझ्या हातांना पूर्वीपेक्षा जास्त तेल लागणार. रोज रात्री झोपताना खोबरेल तेलाचा एकेक थेंब नखाच्या मुळाशी आणि टोकाखाली चोळ. भांडी घासताना रबरी हातमोजे घाल. स्टेपलच्या पिना, पार्सलची चिकटपट्टी नखाने उचकटू नकोस, हिशेबाच्या टेबलावर ही सवय सगळ्यांनाच असते. मुळाशी जी पातळ कातडी असते ती कापू नकोस, पार्लरवालीलाही कापू देऊ नकोस. नख आणि कातडी यांच्यामधली फट तीच बंद ठेवते. ती गेली की जंतू आत शिरतात आणि नखुरडं होतं. अंघोळीनंतर ती मऊ असताना टॉवेलने हलकेच मागे सार, तेवढं पुरे. नखं "कडक करणारं" म्हणून विकलं जाणारं फॉर्मल्डिहाइडवालं औषधही नको. त्याने सुरुवातीला बरं वाटतं, मग नख ठिसूळ होऊन तुकडे पडतात.

धीर मात्र धरावा लागेल. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सहा महिने जातात. आज तेल सुरू केलंस तर पूर्ण चांगली नखं आषाढात दिसतील. तरीही सोलणं थांबलं नाही, किंवा थकवा, केस गळणं, नखाला चमच्यासारखा खोलगटपणा असं काही सोबत असलं, तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासायला डॉक्टरांना सांग. नखांपायी हार्मोन्सचा डोस स्वतःहून मागेपुढे करू नकोस.

बायोटिनबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे आपल्यासारख्या जणींना खरा धोका आहे आणि तो कुणी सांगत नाही. बायोटिन हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. शरीराला रोज लागतं ते जेमतेम 30-40 मायक्रोग्रॅम, आणि साध्या जेवणातून ते मिळतं. केस-नखांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये 10,000 मायक्रोग्रॅमपर्यंत असतं. एवढं बायोटिन रक्तात असलं की प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांची गफलत होते. एस्ट्राडिओल (मुख्य स्त्री-हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉनचे आकडे खरे आहेत त्यापेक्षा जास्त दिसू शकतात, थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच हा आकडा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2017 साली याबद्दल सावध केलं होतं. म्हणजे तुझा डोस ज्या तपासणीवरून ठरतो तीच तपासणी खोटी पडू शकते. ज्यांच्यात बायोटिनची खरी कमतरता नाही त्यांना त्याचा फार उपयोग होतो असंही नाही. तू घेऊ नकोस असंच मी म्हणेन. आधीच सुरू केलं असशील तर डॉक्टरांना सांग, आणि रक्त द्यायच्या किती दिवस आधी बंद करायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घे.

पायाच्या नखांवरचे पांढरे खरखरीत डाग हे बहुधा रंग महिनोन्‌महिने न काढता राहिल्याचे आहेत. जुना थर न काढता त्यावर नवा लावत गेलं की नखाचा वरचा पापुद्रा कोरडा पडून पांढरा भुगा धरतो. रंग काढ, काही आठवडे नखं उघडी ठेव, तेल किंवा युरिया असलेलं क्रीम लाव. डाग वरवरचे असतील तर नख वाढेल तसे पुढे जातील, पण पायाचं नख हाताच्या निम्म्या वेगानेच वाढतं. अंगठ्याचं पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. नख जाड झालं असेल, पिवळं पडलं असेल, खालून भुसा निघत असेल तर ती बुरशी असू शकते. मग त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला हवं, कारण त्यावर रंग लावून झाकण्याने ती वाढू शकते. आणि कधीही एखाद्या नखाखाली काळी-तपकिरी उभी रेघ नव्याने दिसली तर वाट न बघता दाखव. यापुढे गडद रंगाखाली बेस कोट लावत जा, नाहीतर लाल-आमसुली रंगद्रव्य नखात मुरून पिवळेपणा येतो. आठवड्याने रंग काढायचा, दोन दिवस तेलावर ठेवायचं, मग पुन्हा.

जेल एक्स्टेन्शन आत्ता नको. पातळ, सुटलेल्या थरांवर ते बसवायचं म्हणजे आधी नख घासणार, आणि काढताना ॲसिटोनमध्ये भिजवणार. घाईने उपटून काढलं तर त्याच्याबरोबर नखाचा थरही जातो. शिवाय न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं की त्यातल्या ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की जन्मभर राहते. दात भरताना वापरतात त्या साहित्याचाही मग त्रास होऊ शकतो. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ हा रासायनिक घटक वापरायला बंदी घातली आहे. दिव्याखाली जेल घट्ट करायला तो वापरत असत. नखं सुधारल्यावर करायचंच झालं तर टीपीओ नाही ना हे बाटलीवर बघून घे आणि हात बसलेल्या पार्लरवालीकडेच कर. एका संध्याकाळपुरती लांब नखं हवी असतील तर चिकटवायची तयार नखं मिळतात, पण नेहमीच्या पाकिटातलं सगळ्यात मोठं नखही आपल्या अंगठ्याला बरेचदा अपुरं पडतं. मोठ्या मापाचं पाकीट मिळालं तरच घे. कडेने दाबून बसवलेलं लहान नख दुखतं आणि दिसतंही तसंच. काढताना कोमट साबणाच्या पाण्यात भिजव आणि तेल सोडत हळूहळू सैल कर.

ऑफिसचं थोडक्यात. तुमच्याकडे बाकीच्या बायका नेलपेंट लावून येत असतील तर तूही ये. सगळ्यांना बंदी असेल तर तुलाही असेल, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. पण फक्त तुलाच टोकलं तर तो भेदभाव आहे. 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि 2019 च्या कायद्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे. आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा असंही त्या कायद्यात आहे. कुणी बोललं तर कोण, कधी, काय बोललं ते तारखेसह लिहून ठेव. सुरुवात बदामी रंगाने केलीस तरी हरकत नाही. तुला कामाच्या जागी निवांत वाटणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर बस. दिवसा घाई होते आणि ओल्या रंगावर पदराची घडी उमटते. नखं कोरडी हवीत. तेल लावलं असेल तर रिमूव्हरचा एक बोळा फिरवून घे, नाहीतर रंग धरत नाही. बेस कोट, मग रंगाचे दोन पातळ थर, प्रत्येकात पाचेक मिनिटांचं अंतर, शेवटी टॉप कोट. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरव, टवके तिथूनच उडायला लागतात. उजव्या हाताने डावा छान रंगेल, डाव्याने उजवा थरथरेल. कोपर टेबलावर टेकव, आणि ब्रश हलवण्यापेक्षा नख हलव. किंवा आईला सांग, उजवा हात तूच रंगव. ज्या आईने "डोळ्यावर येऊ नकोस" म्हटलं तिला तुझी काळजी आहे, आणि काळजी करणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी काम दिलेलं बरं असतं. नाही म्हणाली तर आग्रह नको, वहिनीला विचार. जिने साडी नेसून या म्हटलं ती ब्रशही धरेल.

पुढे कधी ऑपरेशन ठरलं तर सगळ्या नखांचा रंग काढून जा. बोटाला लावतात त्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्याला गडद रंगाने अडथळा येऊ शकतो, आणि नखांचा मूळ रंगही डॉक्टरांना बघायचा असतो.

रंगपंचमीला गेर म्हणजे रंगांची मिरवणूक बघायला राजवाड्यावर जात असशील तर तेव्हाही नखांचा विचार आधी कर. टँकरमधून आणि त्या मोठ्या तोफांमधून उडणारा रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, मग नखांत शिरणारच. आदल्या रात्री हातापायांना बेस कोट आणि गडद रंगाचे दोन थर लाव, टोकाखालीही ब्रश फिरव, आणि निघताना नखांच्या भोवती तेल चोळ. घरी आल्यावर रिमूव्हरने पुसलं की गुलालाचा डाग नेलपेंटबरोबरच निघतो, नख स्वच्छ राहतं. नंतरचे दोन दिवस मात्र नुसतं तेल, रंग नाही.

तुझी,
ताई